पाककृती पुरे, उरलेल्याचे सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतले पाककृतींचे पान आमच्या घरी नेमाने वाचले जाते. नुसते वाचून थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पान मिटले की सूनबाई साहित्याची यादी काढते आणि संध्याकाळपर्यंत घरात एक नवी बाटली दाखल होते. फ्रिजच्या दारात अशा नऊ बाटल्या आहेत, मी मोजल्या. त्यातल्या एका काळ्या सॉसचे दोन चमचे वापरले गेले. उरलेला झाकणाभोवती सुकून असा बसलाय की परवा पक्कड घ्यावी लागली. उघडली, वास घेतला, परत ठेवून दिली. टाकायला कोणाचाच हात होत नाही, कारण ती महागाची आहे.

मी निवृत्त हिशेबनीस. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या जुळवल्या, आता घरचा बाजार माझ्याकडे आलाय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा एक अहवाल वाचनात आला. 2022 साली जगात अंदाजे 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले 60 टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही, तर घराघरांतून. घरच्या वाट्याचा हिशेब माणशी वर्षाला 79 किलो. आम्ही पाच जण, म्हणजे 395 किलो, रोजचे किलोभराहून जास्तच. मी म्हटले, असेल कोणाच्या घरी. सौ. काही बोलल्या नाहीत, त्यांनी ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवले.

मग चार आठवडे प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला रोज रात्री ती पिशवी अडकवली. नातू आकडा वाचायचा, मी वहीत उतरवायचो. बेरीज 23 किलो 400 ग्रॅम. त्या सरासरीने 30 किलो व्हायला हवे होते, तेव्हा पहिल्यांदा मी खूशच झालो. पण अहवालाच्या आकड्यात साली, बिया, हाडे असे न खाण्याचेही धरलेले असते. आमच्या पिशवीतले ते वेगळे काढले तेव्हा खाता आले असते असे 8 किलो 400 ग्रॅम निघाले. महिन्याभरात साडेआठ किलो धडधाकट अन्न!

आणि त्यात बाटलीतला एक थेंबही नव्हता, हे मला इथे कबूल करायला हवे. बाटल्या टाकल्याच जात नाहीत, तर मोजात येणार कशा? वहीत सगळ्यात जास्त वेळा आला तो उरलेला भात. त्याखालोखाल पिवळी पडलेली पालेभाजी, आणि मग कोंब आलेले बटाटे. बटाटे मीच आणलेले. मोठी पिशवी घेतली की किलोमागे स्वस्त पडते म्हणून घेतली, आणि त्यातले एक किलो 900 ग्रॅम डब्यात गेले. टाकलेले वजा घालून भाव काढला तर ते सुट्या बटाट्यांपेक्षा महाग पडले. हा हिशेब सौ.नी मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

दुसरा घोळ असा की घरात बाजार करणारे तीन जण. मी पिशवी घेऊन जातो, मुलगा येताना काहीतरी उचलून आणतो आणि सूनबाई फोनवरून मागवते. एका आठवड्यात मिठाचे तीन पुडे आले. मीठ नासत नाही म्हणून ठीक, पण त्याच आठवड्यात पावही तीन आले होते. दुकानातली चाकांची ढकलगाडी 1937 साली अमेरिकेत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते हे त्याने हेरले होते. फोनवरच्या टोपलीला तर वजनच नाही. घरपोच फुकट मिळावे म्हणून वर आणखी काहीतरी टाकले जाते, ते निराळेच.

तर माझे मागणे साधे आहे. त्या पानाचा एक कोपरा तरी उरलेल्यासाठी ठेवा. मला स्वतः शोधून काढाव्या लागल्या त्या गोष्टी तिथे छापता येतील. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि फ्रिजमध्ये तापमान 5 अंशांच्या खाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताला हे विशेष लागू, कारण त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला तर त्यांच्यापासून तयार होणारे विष पुन्हा गरम करून जात नाही. आम्ही रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचो आणि सकाळी वाफ काढली की झाले, असे समजायचो. पालेभाजीचे कोडे तर वर्षानुवर्षांचे. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची पाने त्याने लवकर पिवळी पडतात. आमच्या फ्रिजमध्ये दोघांचा एकच कप्पा होता. आता सफरचंदे वर, भाजी खाली.

तारखेवरूनही आमच्याकडे रोज वाद. 'बेस्ट बिफोर'ची तारीख चवीची आणि दर्जाची, 'यूज बाय'ची सुरक्षिततेची. मुलाला दोन्ही एकच वाटायच्या, म्हणून न फोडलेला बिस्किटांचा पुडा 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणून दुसऱ्याच दिवशी डब्यात गेला. तो सौ.नी काढला आणि चहाबरोबर मला दिला. मी खाल्ला, वहीतून 150 ग्रॅम वजा केले.

कोपरा सुरू केलात तर पहिल्या रविवारी त्या काळ्या सॉसचे घ्या. दोन चमचे सोडता बाटली भरलेली आहे, आणि पदार्थ असा सुचवा की नवी बाटली आणावी लागणार नाही.

आपला,
एक जुना वाचक