रील कुणासाठी करायची? मैत्रिणीला पत्र

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं आणि फार आनंद झाला. दुसऱ्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर मसाजचं स्वतःचं केंद्र उघडायला धीर लागतो. तुझ्या हातांवर माझा पहिल्यापासून विश्वास आहे. पण शेवटचा परिच्छेद वाचून जिवाला घोर लागला. रोज काहीतरी टाकायचं म्हणून सूर्योदयाचे फोटो आणि सुविचार टाकतेस, फॉलोअर वाढत नाहीत, आणि आता कुणीतरी पैसे घेऊन हजारो फॉलोअर आणून देतो म्हणतोय. त्याला आजच नाही म्हणून टाक. असे फॉलोअर बहुतेक खोटी खाती असतात. ती तुझी पोस्ट बघत नाहीत, कुणाला पाठवत नाहीत, आणि प्रतिसादच नाही म्हटल्यावर ती पोस्ट इतरांनाही फारशी दाखवली जात नाही.

आणि हजारो हवेत कशाला गं? तासाभराचं एक सेशन धरलं, तर मनगटं आणि अंगठे सांभाळून दिवसाला चार-पाच माणसांपलीकडे आपण चांगलं काम करू शकत नाही. म्हणजे आठवड्याला वीस-पंचवीस. त्यातली निम्मी पुन्हा पुन्हा येणारी असली की केंद्र चालतं. तुझ्यापर्यंत सहज पोचू शकतील अशी थोडी माणसं आणि त्यांचा विश्वास, एवढंच तुला हवं आहे.

आता त्या माणसाचा विचार कर. त्याची मान आखडली आहे, रात्री उशिरा फोनवर तुझं पान त्याला सापडलं आहे, आणि तो बुकिंग करू का नको या विचारात आहे. त्याने आयुष्यात कधी मसाज घेतलेला नाही. कपडे किती काढायचे? खोलीत आणखी कुणी असेल का? जास्त दाब लागला तर सांगितलेलं चालतं का? झोप लागून घोरलो तर? पोट सुटलंय, पाठीवर व्रण आहे, ते बघून काय म्हणतील? यातलं एकही तो फोन करून विचारणार नाही. लाजेल, पान बंद करेल आणि मान तशीच धरून बसेल. मला विचारशील तर सोशल मीडियावर तुझं खरं काम एकच आहे: या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला घरबसल्या मिळाली पाहिजेत.

म्हणून सुविचार बंद कर आणि पहिली रील चादरीवर कर. रिकामं टेबल दाखव, चादर कशी अंथरतेस ते दाखव, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा राहतो, बाकी सगळं अंग झाकलेलं असतं, हे तुझ्या आवाजात सांग. कपडे बदलताना तू खोलीबाहेर जातेस, आत येण्याआधी दारावर टकटक करतेस, हेही सांग. दुसऱ्या रीलमध्ये दाबाबद्दल बोल: मध्येच कधीही ‘थोडं हलकं करा’ म्हटलेलं चालतं, ‘आज पायांना नको’ म्हटलेलंही चालतं, आणि मनात आलं तर सेशन तिथेच थांबवता येतं. घोरण्यावरही एक कर. लोकांना किती हायसं वाटतं बघ.

ग्राहकाचं अंग मात्र कॅमेऱ्यापुढे आणू नकोस. त्याने हो म्हटलं तरी नको. टेबलावर पालथं झोपलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, आणि तो व्हिडिओ बघणाऱ्या दुसऱ्याच्या मनात येतं की उद्या मीही यात दिसेन. हाताची पद्धत दाखवायची असेल तर स्वतःच्या हातावर दाखव, किंवा सहकारी मैत्रिणीच्या खांद्यावर. लांब सरकवलेला हात आणि मळल्यासारखी पकड यांतला फरक एवढ्यावरही छान कळतो.

तांत्रिक बाजू लवकर उरकते. फोन उभा धर, खिडकीचा उजेड बाजूने येऊ दे, खाली अक्षरात मजकूर दे, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. व्यवसाय खात्याला इन्स्टाग्रामवर सगळी गाणी वापरता येत नाहीत, हक्कांचा प्रश्न येतो. पण तुझा शांत आवाज असताना गाणं लागतंच कशाला?

इन्स्टाग्रामच्याही आधी गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल पूर्ण कर. 2021 पर्यंत त्याला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत, आता ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात, आणि ते फुकट आहे. मान धरलेला माणूस ‘जवळचा मसाज’ असं शोधतो तेव्हा नकाशावर तू दिसली पाहिजेस. वेळा अचूक लिही. दाराचा, पायऱ्यांचा आणि बसायच्या जागेचा फोटो टाक. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नकोस. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि विकत घेतलेलं कौतुक वाचताना कळतंही. दुसऱ्या दिवशी साधा मेसेज कर, ‘बरं वाटलं असेल तर दोन ओळी लिहाल का’, सोबत लिंक दे. रिव्ह्यूला उत्तर देताना एक काळजी घे. एखादीने ‘छान अनुभव’ एवढंच लिहिलं असेल, तर खाली ‘तुमची कंबर आता कशी आहे?’ असं विचारू नकोस. तिची कंबर दुखते हे तिने चारचौघांत सांगितलेलं नाही. नुसते आभार मान.

आता ज्यावर मला तुझ्याशी भांडावंसं वाटतं ते लिहिते. तुझ्या माहितीपत्रकात ‘शरीरातील विषारी द्रव्यं बाहेर टाकतो’ असं छापलं आहेस. ते काढ, सखी. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आपले हात नाही. व्यायामानंतरचं लॅक्टिक आम्ल मसाजने निघतं हेही लिहू नकोस. शरीर ते स्वतःच साधारण तासाभरात निपटतं. कंबरदुखीवरच्या मसाजच्या 25 चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला. त्यात थोड्या काळापुरता आराम दिसला, पण पुरावा कच्चा आहे असंही त्यांनी स्पष्ट म्हटलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आखडलेल्या माणसाला काही दिवस सैल वाटणं, एक रात्र नीट झोप लागणं, ही मोठी गोष्ट आहे. तेवढंच लिही. जे लिहिशील ते त्याला टेबलावर मिळालं की तो परत येतो.

आणि कुणी येऊ नये तेही स्वतःहून सांग. ताप असताना, त्वचेचा संसर्ग असताना, ताज्या जखमेवर मसाज नको. नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल आणि दुखत असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळायचा नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. ही पोस्ट इन्स्टाग्रामवर सगळ्यात वर पिन करून ठेव. माझ्याकडे असं वाचून फोन करणारे येतात, ‘मला चालेल का हो?’ असं विचारतात, आणि ज्यांना मी तेव्हा नाही म्हणते तेच पुढे बरे झाल्यावर घरच्यांना घेऊन येतात.

जाहिरातीवर पैसे घालायचे झाले तर थोडेच घाल आणि केंद्राभोवतीचा लहानसा परिसर निवड. ‘तुमची कंबर दुखते का?’ अशी सुरुवात करू नकोस. वाचणाऱ्याचा आजार आपल्याला ठाऊक आहे असं भासवणारी जाहिरात मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या, नियमांत अडकते. उघड्या पाठीचे फोटोही अडकू शकतात. ‘मान आणि खांद्यांसाठी तासाभराचा मसाज’ असं सरळ लिहिलं की पुरे.

घाणेरड्या मेसेजबद्दल तू लिहिलंस ते वाचून संताप आला. हे आपल्या कामात जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला येतं, आणि त्याची लाज तू बाळगायची नाहीस. बायोमध्ये पहिल्याच ओळीत तुझं शिक्षण आणि ‘उपचारात्मक मसाज’ असं लिही, फोटो चेहऱ्याचा आणि कामाच्या कपड्यातला ठेव, भिंतीवरचं प्रमाणपत्र दिसू दे. इन्स्टाग्रामवर 2021 पासून नको ते शब्द गाळायची सोय आहे. असे शब्द त्या यादीत टाकलेस की ते मेसेज वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, तुझ्यासमोर येत नाहीत. त्यातूनही आला तर समजावत बसू नकोस, वाद घालू नकोस. स्क्रीनशॉट ठेव, ब्लॉक कर, तक्रार नोंदव. नव्या ग्राहकाचं पूर्ण नाव आणि फोन नंबर घेतल्याशिवाय वेळ देऊ नकोस, आणि पहिल्या भेटीच्या वेळी केंद्रात दुसरं कुणीतरी असू दे. बुकिंग एखादं कमी झालं तरी चालेल.

व्हॉट्सअॅप बिझनेस घे. आदल्या दिवशी आठवण पाठवलीस तर अपॉइंटमेंट चुकवणारे कमी होतात. तिथली ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचते, म्हणून निघताना नंबर सेव्ह करायला सांग. पण तिचा वापर जपून कर, रोज शुभेच्छा नकोत. कुणी ऐनवेळी रद्द केलं तर ‘आज दुपारी एक वेळ मोकळी आहे’ एवढं स्टोरीवर टाक. ती चोवीस तासांत आपोआप जाते, अशा निरोपाला तेच बरं.

रोज पोस्ट टाकायचा धोशा सोड. आठवड्यातून एकदा, ग्राहक नसताना, दोन-तीन रील एकदम करून ठेव. कामाच्या वेळी फोन खोलीबाहेर.

चादरीची रील झाली की टाकण्याआधी मला पाठव. मी ती आधी माझ्या मावशीला दाखवणार आहे. तिची मान वर्षानुवर्षं दुखते आणि मसाजचं नाव काढलं की ती विषय बदलते. ती काय काय विचारते ते सगळं लिहून तुला कळवते.

तुझीच,
मैत्रीण