हॉस्टेलची यादी लागेपर्यंत पोरांनी झोपायचं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन आला की कटऑफच्या बातम्या रोज येतात, पण ॲडमिशन मिळाल्यावर ही पोरं राहतात कुठे ते कुणी छापत नाही म्हणून लिहितेय. सदाशिव पेठेत माझी मेस आहे, त्यामुळे सगळं डोळ्यासमोर असतं. बीड, नांदेड, नंदुरबारकडून पोरं येतात, काहींचा हॉस्टेलला नंबर लागतो, काही कॉट बेसिसवर, म्हणजे शेअर रूममधली नुसती एक खाट भाड्याने घेऊन राहतात आणि ज्यांच्याकडे डिपॉझिटचे पण पैसे नसतात ती मित्राच्या हॉस्टेल रूमवर पॅरासाइट म्हणून चोरून राहतात, रेक्टरची राउंड आली की गच्चीवर पळायचं. नाहीतर अभ्यासिका. रात्री दोननंतर चोवीस तासवाल्या अभ्यासिकेत जाऊन बघा, टेबलावर डोकं टाकून झोपलेली पोरं दिसतील, बॅगेचा पट्टा पायात अडकवलेला, चोरीला जाऊ नये म्हणून. एक डबा लावून दोघं खातात ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं, मी आपल्या दोन पोळ्या जास्त टाकते.

मुलींना तर हेही जमत नाही, त्या अभ्यासिकेत कुठे झोपणार, मग घरचे सरळ परत बोलावून घेतात आणि कॉलेजच्या रजिस्टरला नुसतं ॲडमिशन कॅन्सल.

सरकार काहीच करत नाही असं नाही हां. हॉस्टेल न मिळालेल्या पोरांना राहण्या-खाण्याचे पैसे देणाऱ्या योजना आहेत, एससी आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार आहे, आदिवासी मुलांना स्वयं, ओबीसींना आधार योजना. पण स्वाधारचे पुण्या-मुंबईला वर्षाचे 60,000 धरले तर त्यात राहण्याचे 20,000, म्हणजे महिन्याला साधारण 1,666 रुपये, एवढ्यात पेठेत कॉट सोडा, कॉटखालची जागा पण कुणी देणार नाही! आणि हे पैसे येतात मागाहून, मालकाला डिपॉझिट पाहिजे आधी, एजंटचं वेगळंच, आणि काही ठिकाणी आधी आडनाव विचारतात मग रूम 'आत्ताच गेली' असते.

शाहू महाराजांनी 1901 ला कोल्हापुरात बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी काढत गेले, कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1924 ला साताऱ्यात, पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून खेड्यातल्या गरीब मुलांना ठेवून घेतेय. राहायची सोय नसेल तर फी माफ करून पण पोरगं टिकत नाही हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

माझं म्हणणं फक्त सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांपुरतं आहे, कारण पोरं गळतात ती तेव्हाच. ॲडमिशन फॉर्मवर 'राहायची सोय झाली का' एवढा एक रकाना टाका आणि तो कुणीतरी वाचा. हॉस्टेलच्या याद्या लागेपर्यंत कॉलेजने जिमखान्याचा हॉल रात्री उघडा ठेवावा, गादी, लॉकर, अंघोळीची सोय, बास, मुलींसाठी वेगळा. योजनांचा पहिला हप्ता ॲडमिशनच्या पावतीवरच द्या. आणि पॅरासाइट पकडला की दंड लावण्याआधी निदान त्याला विचारा तरी की बाबा तुझा नंबर का नाही लागला.

माझ्या मेसचा हॉल रात्री दहानंतर रिकामाच असतो, मागच्या पावसाळ्यात दोघांना झोपू दिलं तर सोसायटीने लगेच नोटीस काढली, बाहेरच्यांना मुक्कामाला ठेवू नये म्हणून. नोटीस काढणाऱ्या काकांचा स्वतःचा नातू सध्या हैदराबादला शिकतोय, तिकडे रूम मिळेना म्हणून ओळखीच्यांकडे राहतोय.

— एक मेसवाल्या काकू, सदाशिव पेठ, पुणे