ओ'कीफ फुलांच्या आधीची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ'कीफवरचा लेख वाचला. फुलं आली, न्यू मेक्सिकोतल्या कवट्या आल्या, नवऱ्याचा कॅमेराही आला. टेक्सासचं सपाट माळरान मात्र अर्ध्या वाक्यात उरकलं. मी 34 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. टेक्सासात असताना तीही चित्रकलेची शिक्षिकाच होती, म्हणून जरा जास्तच लागलं.

1912 ते 1914 तिनं अमरिलोच्या शाळांत शिकवलं आणि 1916 ते 1918 जवळच्याच कॅन्यन गावी शिक्षकांच्या कॉलेजात. भोवती झाड नाही, कुंपण नाही, नजर अडेल असं काहीच नाही. तिला या मुलखाचं वेडच लागलं. संध्याकाळी बहिणीबरोबर गावाबाहेर चालत जायची. बहीण बाटल्या हवेत उडवून बंदुकीनं फोडायची (छंद एकेकाचे!) आणि ही उजेडातच दिसू लागलेल्या शुक्राच्या चांदणीकडे बघत राहायची. त्यातून 1917 ची 'ईव्हनिंग स्टार' ही जलरंगांतली मालिका झाली.

'लाइट कमिंग ऑन द प्लेन्स' ही तीन चित्रंही त्याच वर्षीची. सपाट जमीन म्हटली की आपण कागद आडवा धरतो. तिनं उभा धरला, जेमतेम 12 बाय 9 इंचांचा. खाली जमिनीची पट्टी, वर एकीवर एक चढत गेलेल्या निळ्या कमानी आणि मध्ये कोऱ्या कागदाची बारीक फट. ओले रंग एकमेकांत उतरू नयेत म्हणून अशी फट आम्हीही मुलांना सोडायला सांगतो. इथं त्या फटीचंच क्षितिज झालंय. एकदा वर्गात एका मुलानं विचारलं होतं, "सर, आमच्या गावाला डोंगरच नाहीत, मग काय काढू?" मी म्हणालो, "एक झाड काढ." ही चित्रं पुढे पुस्तकात पाहिली तेव्हा त्या उत्तराची लाज वाटली.

तिची ती मोठाली फुलं 1924 पासूनची. नको ते गाळायची सवय तिला आधी या माळानंच लावली, असं माझं मत.

एक विनंती. ही तीन चित्रं फोर्ट वर्थच्या अमोन कार्टर संग्रहालयात आहेत आणि रंगवलीत न्यूजप्रिंटवर, म्हणजे तुमचा अंक निघतो त्याच जातीच्या कागदावर. त्यातलं एक तरी मूळ आकारात छापा, पानावर सहज मावेल. फक्त निळ्याचा जांभळा होऊ देऊ नका. गेल्या रविवारी झाला होता.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सोलापूर