सेस्ना १७२ : जी१००० सॉफ्टवेअर अपग्रेड

सभासदांनो, जी१००० (कॉकपिटमधल्या स्क्रीनवर उड्डाणाची माहिती दाखवणारी यंत्रणा) अपग्रेड करायची असल्याने येत्या शनिवारी सकाळी ८ पासून विमान हँगरमध्येच राहील. त्या दिवसाचं बुकिंग बंद.

• स्वतःचे वेपॉइंट (मार्गातले ठरवलेले बिंदू) आणि फ्लाइट प्लॅन शुक्रवारपर्यंत वहीत उतरवून घ्या. अपग्रेडमध्ये ते पुसले जाऊ शकतात.
• स्क्रीनच्या खालच्या खाचेतली डेटाबेस कार्डं काढू नका. ती इंजिनिअरच काढतील. कोणतं कार्ड कोणत्या स्क्रीनचं, हे लिहून ठेवावं लागतं.
• काम २८ व्होल्टच्या ग्राउंड पॉवरवरच (विमानाला बाहेरून दिलेल्या विजेवरच) होईल. सॉफ्टवेअर लोडिंग चालू असताना मास्टर स्विचला (विमानाच्या विजेच्या मुख्य बटणाला) कुणीही हात लावू नये! मध्येच वीज गेली तर युनिट निकामी होऊ शकतं, म्हणून नुसत्या बॅटरीवर विसंबायचं नाही.

लॉगबुकात नोंद आणि इंजिनिअरची सही झाल्याशिवाय उड्डाण नाही. नवीन आवृत्तीचं पायलट गाइड आधी वाचा.