केननची न पाठवलेली चिठ्ठी आणि आपल्याकडची रद्दी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परराष्ट्र धोरणावरचे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, रशिया-युक्रेन असो नाहीतर अमेरिकेचं टॅरिफ, आणि त्यात जॉर्ज केनन या अमेरिकन मुत्सद्द्याचं नाव अधूनमधून येतंच. यूपीएससी-एमपीएससी करणाऱ्या आपल्या नाशिकच्या पोरांच्या नोट्समधे पण हा माणूस असतो, पण दोन ओळीत. केनन म्हणजे कंटेनमेंट, कंटेनमेंट म्हणजे रशियाला रोखणं, झालं, पुढचा प्रश्न. मला त्या दोन ओळींच्या मागे काय आहे आणि ते आपल्याला आज कसं कळतं यावर लिहायचंय, कारण त्याचा संबंध इथल्या एका गोष्टीशी आहे.

केनन १९४६ साली मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीत होता. २२ फेब्रुवारीला त्याने वॉशिंग्टनला तार केली, पाच भागांची, पाच हजारावर शब्द, तेही आजारी असताना अंथरुणावरून सांगून लिहून घेतलेली. रशिया असा का वागतो हे त्यात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी फॉरेन अफेअर्स मासिकात ‘एक्स’ या नावाने लेख आला, लेखक कोण हे लपलं नाही, आणि त्या लेखातल्या कंटेनमेंट शब्दावर अमेरिकेने पुढची चाळीसेक वर्षं काढली, सैन्य, अणुबॉम्ब, व्हिएतनाम सगळं त्याच नावाखाली. वॉल्टर लिपमन नावाच्या मोठ्या पत्रकाराने तेव्हाच टीका केली की हे धोरण म्हणजे जगभर सैन्य पसरवत बसणं आहे. आता गंमत बघा, केननला स्वतःला हे मान्यच नव्हतं! त्याचं म्हणणं होतं की रोखायचं ते मुख्यतः राजकीय आणि आर्थिक मार्गाने. १९४८ च्या एप्रिलमधे हॉस्पिटलमधे असताना त्याने लिपमनला मोठं पत्र लिहिलं, आपली बाजू समजावून सांगितली, आणि ते पाठवलंच नाही. ते पत्र त्याच्या कागदांत राहिलं आणि ते कागद आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मड लायब्ररीत आहेत. छापलेल्या लेखातून जो केनन दिसतो आणि त्या पत्रातून जो दिसतो त्यात केवढा फरक आहे, आणि ते पत्र तेव्हाच कुणी फाडून टाकलं असतं तर?

पुढची त्याची करिअरपण सरळ नाही. १९५२ मधे मॉस्कोला राजदूत म्हणून गेला आणि काही महिन्यांत, बर्लिनच्या विमानतळावर पत्रकारांसमोर बोलून गेला की मॉस्कोत राहणं म्हणजे युद्धात नाझींनी आम्हाला कोंडून ठेवलं होतं तसंच आहे, रशियाने लगेच परत येऊ नका सांगितलं. इतका अभ्यासू माणूस पण तोंडाला आवर नाही. नंतर १९६६ ला सिनेट कमिटीपुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात बोलला, १९९७ ला नव्वदी ओलांडलेली असताना नाटो ही लष्करी युती पूर्वेकडे वाढवू नका असं छापून सांगितलं. २००५ ला १०१ व्या वर्षी गेला. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं डायरी लिहिली, त्यात इतर वंशांच्या लोकांबद्दल वाचायला नको वाटेल असंही लिहिलेलं आहे, आपल्यासारख्या देशांबद्दल तर त्याला फार आस्था नव्हतीच, पण तेही त्याने जाळलं नाही, ठेवलं. मला याचं फार मोल वाटतं. त्याच्या चरित्रकाराला, जॉन लुईस गॅडिस यांना, त्याने कागद आणि डायऱ्या सगळं उघडं करून दिलं, अट एकच की पुस्तक मी गेल्यावर छापा, पुस्तक यायला जवळपास तीस वर्षं गेली. आणि प्रिन्स्टनमधे कुठल्या बॉक्समधे कुठली फाइल आहे याची यादी नेटवर आहे, पंचवटीत बसून मोबाइलवर बघता येते.

आपल्याकडे काय आहे? सरकारी फाइल्ससाठी १९९३ चा पब्लिक रेकॉर्ड्स कायदा आहे, जपून ठेवायच्या जुन्या फाइल्स नॅशनल अर्काइव्हजकडे द्यायच्या असं त्यात आहे. पण माणसाच्या घरातले कागद त्यात येत नाहीत, ते घरच्यांच्या मनावर. इंदिरा गांधींचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयाला गेले म्हणून १९७१ च्या काळाबद्दल इतकं लिहिता आलं.

आणि इथे नाशकात परराष्ट्र धोरणाचा आपला संबंध नाही असं कुणी म्हणू नये. ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला तो सोव्हिएत दोस्तीमुळे, पासपोर्टची पुस्तकं नाशिकरोडच्या प्रेसमधे छापतात, लासलगावला कांद्याचा भाव निर्यातबंदीच्या एका नोटिफिकेशनने पडतो. यावर वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं आपल्यात होती आणि आहेत. आमच्या ओळखीतले एक निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्राचे, स्थानिक पेपरांत सोव्हिएत युनियन फुटायच्या आधीपासून लिहायचे. ते गेल्यावर फ्लॅट रिकामा करायचा होता, पोरं बाहेरगावी, सगळ्या फाइल्स रद्दीवाल्याला किलोवर गेल्या. त्यातली एक माझ्याकडे आली, कात्रणांच्या कडेला पेन्सिलीने स्वतःच्याच लेखावर त्यांनी लिहून ठेवलंय, “इथे माझा अंदाज चुकला, का ते बघ”. पिना गंजल्यात, कसर लागलीय, पण वाचता येतं. बाकीच्या फाइल्समधे काय होतं कोण सांगणार, घरच्यांना दोष देत नाही मी, द्यायचं कुठे हेच कुणाला माहीत नसतं.

सार्वजनिक वाचनालय नाशिकला १८४० पासून आहे, कॉलेजेस आहेत, मुक्त विद्यापीठ आहे. यांच्यापैकी कुणीतरी अशा खाजगी कागदांसाठी एक कपाट आणि एक माणूस ठेवावा, पिना काढून, कोरड्या बॉक्समधे घालून, नुसती यादी केली तरी चालेल, स्कॅनिंग नंतर बघता येईल. आणि तुम्ही तुमच्या पेपरात लिहिणाऱ्या जुन्या लेखकांना किंवा त्यांच्या घरच्यांना एक छोटी सूचना छापा, कागद टाकण्याआधी वाचनालयात विचारा म्हणून. माझ्याकडची फाइल मी द्यायला तयार आहे, घ्यायला कुणी हवं.

आपला,
एक नियमित वाचक, इंदिरानगर, नाशिक