‘चिडवणे’ म्हणून सोडून दिलेली तक्रार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यातील आमच्या गावी आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या एका नेपाळी कुटुंबातील सहावीची मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. वर्गातील मुले तिच्या चेहऱ्यावरून आणि मराठी उच्चारांवरून तिला रोज हिणवीत, पोषण आहाराच्या पंगतीत तिच्याशेजारी बसत नसत. तिच्या वडिलांसोबत मी शाळेत गेलो, तेव्हा ‘पोरेच ती, चिडवायचीच’ एवढे उत्तर मिळाले. तक्रारीची नोंदही झाली नाही. शाळेत तक्रारपेटी आहे, पण जिला मराठी धड लिहिता येत नाही, तिने त्या पेटीत काय टाकावे?

शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 17 शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई करते. मात्र मुलांनीच मुलाला छळले, तर मुख्याध्यापकांनी किती दिवसांत काय करावे, हे त्यात नाही. ते सांगणारा कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे. रॅगिंग प्रतिबंध कायदा म्हटला की आपल्याला वैद्यकीय महाविद्यालयांची वसतिगृहे आठवतात, परंतु त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या महाविद्यालयांपुरती नाही, आणि चिडवणे, शिवीगाळ, धमकावणे, लाज वाटेल असे वागणे हे सारे त्यात आलेले आहे. तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची असते; त्याने कुचराई केली, तर तो गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो.

त्यातील 2 वर्षांपर्यंतची कैद किंवा 5 वर्षांची प्रवेशबंदी शाळकरी मुलांना लावावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास शिक्षण हक्क कायदाच मनाई करतो, आणि ते योग्य आहे. चिडवणारी मुलेही आमच्याच घरांतली आहेत, आणि ते शब्द त्यांनी कोणाच्या तोंडून उचलले, हे आम्हा मोठ्यांना पुरते ठाऊक आहे.

माझी विनंती चौकशीपुरती आहे. अशा तक्रारीची, ती तोंडी असली तरी, शाळेने नोंदवहीत नोंद करावी, 7 दिवसांत चौकशी करून पालकांना लेखी उत्तर द्यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ते प्रकरण ठेवावे, असे परिपत्रक शिक्षण विभागाने काढावे. बागांतील राखणदार, होड्यांवरचे खलाशी, वीटभट्ट्यांवरची कातकरी कुटुंबे यांच्यापैकी कोणी पालकसभेत बोलायला उभे राहिलेले मी माझ्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत पाहिले नाही.

ती मुलगी सध्या बागेतल्या खोपीत धाकट्या भावाला सांभाळते. जूनपूर्वी असे परिपत्रक निघाले, तर तिच्या वडिलांपुढे ठेवायला माझ्या हाती काही तरी लेखी असेल.

– एक निवृत्त शिक्षक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी