पक्याला पत्र: ईव्हिल डेड टूची डिस्क आणि आपली कॅसेट

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पक्या,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं पण तू ऑफिसातून दमून आलेला असतोस, आणि मला हे नीट सांगायचंय, म्हणून किती वर्षांनी कागद घेऊन बसलोय. पाकिटात एक पेन ड्राइव्ह सापडेल, तो आत्ता लावू नकोस. आधी पत्र वाच पूर्ण. प्लीज.

तर ईव्हिल डेड टू. आठवतोय ना? तुमच्या वाड्यातली वरची खोली, एका रात्रीसाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर अन् चार कॅसेटी, त्यातली तिसरी ही. लेबलवर बॉलपेनने नुसतं 'भूत इंग्लिश' लिहिलेलं. कॉपीची कॉपीची कॉपी होती ती, खालच्या बाजूला सतत पांढऱ्या रेघा, तू ट्रॅकिंगचं बटण फिरवत टीव्हीला चिकटून बसलेला आणि काकू दर अर्ध्या तासाने खालून ओरडायच्या की आवाज कमी करा रे, आजोबा झोपलेत. निम्मा पिक्चर तर काळोखात काही दिसलाच नाही, आणि तरी मी त्या रात्री घरी गेलो नाही, तुमच्याकडेच झोपलो, कारण बोळातला दिवा गेला होता.

आता भाच्याने अमेरिकेतून त्याची ब्ल्यू-रे पाठवली, २०११ साली पंचविसाव्या वर्षाची म्हणून जी काढली होती ती. डिस्क आली आणि सहा महिने कपाटात पडून राहिली, कारण तिथल्या डिस्क 'ए' रीजनच्या आणि आपल्याकडचे प्लेयर 'सी' रीजनचे, लावली की स्क्रीनवर नुसती सूचना. शेवटी भाचाच दिवाळीत सगळ्या रीजनचा प्लेयर घेऊन आला. मी तीन रात्री बसलो रे. पिक्चर एकदा, मग कॉमेंटरी लावून परत एकदा, मग मेकिंगचे सगळे भाग.

पिक्चर आता किती स्वच्छ दिसतो काय सांगू! भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यातले दात दिसतात. एका ठिकाणी त्या दुसऱ्या भुताच्या पिक्चरमधल्या फ्रेडी क्रूगरचा चाकूवाला पंजा लटकलेला आहे, आपल्याला तो कधी दिसलाच नव्हता. स्वतःच्या हाताशी मारामारी करणारा हिरो ॲश, डोक्यावर फुटणाऱ्या बश्या, मग ती त्याची मैत्रीण लिंडा मुंडकं नसताना चांदण्यात नाचते तो तुकडा. तो नाच बाहुली एकेक फ्रेम हलवत केलेला आहे, आणि आता ते कळतं, आणि कळूनसुद्धा अंगावर काटा येतो. मला तर आता जास्त आला.

पण मी पत्र लिहायला बसलो ते मेकिंगमुळे. तुला आठवतं, आपल्याला प्रश्न पडायचा की सुरुवातीला हा सगळा पहिला भाग परत का दाखवतात, आणि तोही वेगळाच का, मित्रमंडळी कुठे गेली, नुसती दोघंच का जातात त्या जंगलातल्या घरात? तू म्हणायचास कॅसेटवाल्याने कापलंय. तर तसं नाहीये. पहिल्या पिक्चरचे हक्क वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या वितरकांकडे अडकलेले, जुने तुकडे वापरायची सोय नाही, म्हणून दिग्दर्शक सॅम रायमीने ती गोष्ट नव्याने, दोनच माणसांत, काही मिनिटांत उरकून परत शूट केली. स्वतःचाच पिक्चर, आणि त्यातला तुकडा स्वतःला वापरता येत नाही!

हे ऐकलं आणि मी प्लेयर थांबवला. पक्या, आपलं तेच झालं होतं. एफवायला आपण भुताची एकांकिका केली, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात पब्लिकने शिट्ट्या मारल्या, आणि पुढच्या वर्षी दुसरा भाग करायचं ठरलं तर लेखक भांडून दुसऱ्या कॉलेजात गेलेला आणि म्हणाला माझा एक शब्द वापरायचा नाही. कॉलेजने जुना सेटही मोडून टाकलेला. मग आपण काय केलं? पाच जणांची गोष्ट दोघांत, पहिल्या सात मिनिटांत, नवे शब्द लिहून. मी तेव्हा वर्षभर कुढत होतो की आपण तडजोड केली, उरलंसुरलं केलं. आज कळतंय की तेच खरं काम होतं. त्या लोकांनीही तेच केलं आणि त्यातून जो पिक्चर झाला तो पहिल्यापेक्षा मला तरी जास्त आवडतो, त्यात भीती पण आहे आणि हसू पण आहे आणि दोन्ही एकाच शॉटमध्ये आहे.

पैशांची गोष्ट पण ऐक. पहिला भाग झाला होता पावणेचार लाख डॉलरच्या आसपास, दुसऱ्याला मिळाले साधारण पस्तीस लाख, म्हणजे दहापट, तरी हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लरच. आणि तेही मिळत नव्हते. तो भयकथा लिहिणारा स्टीफन किंग तेव्हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात स्वतःचा पिक्चर दिग्दर्शित करत होता, त्याच्या कानावर गेलं की ही पोरं पैशांसाठी अडलीत, त्याने थेट निर्मात्याला, दिनो दे लॉरेंतीसला, फोन केला. किंगने पहिला भाग १९८२ साली कान फेस्टिवलला पाहिला होता आणि तेव्हापासून तो त्याची तारीफ करत होता. एक फोन रे! आपल्यासाठी कुणी असा फोन केला असता तर, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

आणि शूटिंग कुठे, तर वेड्सबरो नावाच्या छोट्या गावात. त्या घराचा आतला सगळा भाग, ते तळघर, त्या खोल्या, हे सगळं एका शाळेच्या जिममध्ये उभं केलेलं. शाळेच्या हॉलमध्ये! आपण शाळेच्या हॉलमध्ये बाकं रचून तालमी करायचो तो वास आला मला एकदम, खडूचा आणि तेलकट डब्यांचा. मे महिन्यात सुरू केलेलं शूटिंग, १९८६चा उन्हाळा, वर मोठमोठे लाइट.

आता मुद्द्यावर येतो. तळघरातली ती म्हातारी आठवते? हेन्रिएटा, फुगलेली, सडलेली, मान लांब होते तिची. आपल्या झोपा उडवल्या होत्या तिने. ती माणूस असतानाची बाई वेगळी नटी आहे, पण भूत झाल्यावर त्या सूटच्या आत कोण होतं माहितीये? दिग्दर्शकाचा धाकटा भाऊ, टेड रायमी. वय अवघं वीस. डोक्यापासून पायापर्यंत फोम लॅटेक्सचं जाड अंग, त्या उकाड्यात, तासन्‌तास मेकअप. शॉट संपला की सूटमधून घाम अक्षरशः ओतून काढायचे. आणि पिक्चरमध्ये एका शॉटला ती हवेत गरगर फिरते ना, तिथे कानातून पाण्याची धार उडते. तो घाम आहे त्या पोराचा. खरा. तसाच ठेवलाय. आपल्या कॅसेटवर ती धार दिसणं शक्यच नव्हतं, पांढऱ्या रेघांत गेली असती. मी तो शॉट चार वेळा मागे नेऊन पाहिला.

आणि मला तू दिसलास.

गोणपाट, त्यावर टिश्यू पेपर आणि फेविकॉलचे थर, वर काळा रंग, आणि आत तू, पाऊण तास, विंगेत उभा, कारण एकदा घातलं की काढता येत नव्हतं. गुळाच्या पाकात खायचा लाल रंग आणि कॉफी घालून मी रक्त केलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या, त्या तुझ्या मानेवर चढल्या, तू हललास नाहीस कारण ब्लॅकआउटनंतर तुझी एन्ट्री होती. प्रयोग संपल्यावर विंगेतल्या फरशीवर तुझ्या पावलांचे ओले ठसे होते. आणि पडदा पडल्यावर ओळख करून देताना तू नव्हतासच, तू आत मुखवटा ओढून काढत होतास, कुणी नावही घेतलं नाही तुझं. मी लाइटवर होतो, माझं घेतलं. ही गोष्ट मला तेव्हापासून टोचते आणि मी तुला कधी बोललो नाही.

त्या डिस्कमध्ये मला सगळ्यात जे भिडलं ते हेच, की आतल्या माणसांना तिथे चेहरा मिळालाय. मेकअपच्या टीममधला एक ग्रेग निकोटेरो नावाचा पोरगा सेटवर व्हिडिओ कॅमेरा घेऊन फिरायचा, सहज, घरचं शूटिंग करतात तसं. मुखवटे रंगवताना, हसताना, कंटाळलेले, घामाने थबथबलेले. ते फुटेज या डिस्कवर आहे आणि म्हणून आज पुण्यात बसून मला कळतं की कुणी काय केलं. त्या टीममधल्या तिघांनी मग १९८८ साली स्वतःची कंपनी काढली, पुढे खूप मोठी झाली. रक्त हिरवं आणि काळं का केलं तेही सांगितलंय, लाल रक्त इतकं दाखवलं तर पिक्चर कुठल्या वयाला दाखवायचा ते ठरवणारे रेटिंगवाले अडवतील म्हणून, आणि तरी शेवटी तो रेटिंगशिवायच लावावा लागला, १९८७च्या मार्चमध्ये, त्यासाठी रोझबड नावाची वेगळी कंपनी उभी करून. एक भाग तर नुसता परत वेड्सबरोला जाऊन जागा शोधण्याचा आहे. तो बघताना मी उगाच उठून गॅलरीत जाऊन आलो.

कारण आपल्याकडेही कॅमेरा होता, पक्या! मेकअपवालीचा मामेभाऊ लग्नाचं शूटिंग करायचा, तो दुसऱ्या वर्षी विंगेत कॅमेरा घेऊन उभा होता, आपण त्याला समोरून घे म्हणून ओरडलो होतो, आणि तो म्हणाला समोर जागा नाही. ती कॅसेट माझ्याकडे होती, माळ्यावर, आईच्या पितळी भांड्यांच्या मागे. तिसऱ्या रात्री मेकिंग संपलं तेव्हा दीड वाजला होता, मी तेव्हाच शिडी लावली. ही उठून आली, म्हणाली काय चाललंय, मी म्हटलं पक्या शोधतोय.

कॅसेटला पांढरी बुरशी होती. पुण्याचे इतके पावसाळे, दुसरं काय होणार. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली असती तर टेपही गेली असती आणि हेडही, हे बरं झालं मला माहिती होतं. लक्ष्मी रोडच्या मागे एक गृहस्थ अजून हे काम करतात, त्यांनी कॅसेट उघडली, टेप हाताने फिरवत पुसली, तीन आठवडे लावले. सगळी नाही वाचली. शेवटची एक्केचाळीस मिनिटं मिळाली, मध्ये दोनदा आवाज जातो, रंग निळसर झालाय. ती सुरुवातीची सात मिनिटं गेली, त्याचं वाईट वाटतं.

नाटक त्यात जेमतेम दिसतं. कडेने दिसतं, अर्धं. समोरून दिसतोस तो तू. विंगेत उभा, गोणपाटातला, हात जरा वर धरलेले म्हणजे रंग पुसला जाऊ नये, आणि ओठ हलतायत, तू सगळ्यांचे संवाद म्हणत होतास मनातल्या मनात. हे मला माहितीच नव्हतं. मी वर लाइटवर, मला कसं दिसणार.

अडतिसाव्या मिनिटाला पडदा पडतो. बाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू होतं, सगळे स्टेजवर पळतात, कॅमेरावाला मात्र हलत नाही, का कोण जाणे. तू मुखवटा ओढतोस, तो अर्धा फाटतो, केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवरून घाम टपटप गळतोय, आणि तू कॅमेऱ्याकडे बघून, धाप लागलेली असताना, विचारतोस, "घाबरले का रे लोक?"

मामेभाऊ काहीच बोलत नाही. टेपवर उत्तर नाहीये.

घाबरले होते, पक्या. मी वरून पाहत होतो, तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती.

आता पेन ड्राइव्ह लाव. वहिनींना आणि पोरांना बोलव आणि मग लाव.

तुझा,
दिल्या